ऑगस्टसच्या मुलीला शिक्षा नेमकी कशाची झाली?

केतकीबन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतो आहे, म्हणून धागा काढते.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला पोटचं मूल एकच, ज्युलिया. जन्म इ.स.पू. ३९. तिची आई स्क्रिबोनिया हिला त्याने ज्या दिवशी मुलगी झाली त्याच दिवशी सोडलं आणि पुढच्या जानेवारीत लिव्हियाशी लग्न केलं. मुलगी बापाकडे राहिली. दोन वर्षांची असताना तिची सोयरीक पुढे बापाचा वैरी झालेल्या मार्क अँटनीच्या मुलाशी ठरली, ती अर्थातच मोडली. चौदाव्या वर्षी आत्येभाऊ मार्सेलसशी लग्न, दोन वर्षांत वैधव्य. मग बापाचा उजवा हात असलेला अग्रिप्पा, जवळजवळ बापाच्याच वयाचा. त्याच्यापासून पाच मुलं. पाचवं मूल पोटात असताना तोही गेला. मग इ.स.पू. ११ मध्ये सावत्रभाऊ टायबेरियस.

आणि इ.स.पू. २ मध्ये, तिशी सरत आलेली असताना, बापाने सेनेटला पत्र पाठवून तिच्या व्यभिचाराचा पाढा सगळ्यांसमोर वाचायला लावला. स्वतः समोर गेला नाही. तिला पांडाटेरिया नावाच्या छोट्या बेटावर धाडलं. ती रोमला परत आली नाही.

माझं मत स्पष्ट सांगते: व्यभिचार हे निमित्त होतं. तोवर तिचे दोन मुलगे, गायस आणि ल्युशियस, आजोबांनी दत्तक घेतलेले होते आणि गादीचे वारस म्हणून मिरवले जात होते. म्हातारा सम्राट उद्या गेला, तर त्या पोरांच्या आईशी जो लग्न करेल त्याच्या हातात राज्य. म्हणून ती धोक्याची झाली. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा

छान विषय! बसलो पुढच्या रांगेत. ताई, तिच्याबरोबर कोणाकोणाला शिक्षा झाली तेही लिहा ना.

केतकीबन

@सह्यकडा, पाच-सहा बडी नावं आहेत. सेम्प्रोनियस ग्राकसला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या सेर्सिना बेटावर पाठवलं. बाकीचेही हद्दपार झाले. जिवानिशी गेला तो एकच मोठा माणूस, युलस अँटोनियस. हा कोण? मार्क अँटनीचा मुलगा! बापाच्या पराभवानंतर ऑगस्टसच्या बहिणीनेच, ऑक्टेव्हियाने, त्याला वाढवलं, आणि इ.स.पू. १० मध्ये तो कॉन्सुलही (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद) झाला. त्याला मारलं की त्याने स्वतः जीव दिला याबद्दल जुने इतिहासकार वेगवेगळं सांगतात. पण डिओ सरळ लिहितो की त्याचा सत्तेवर डोळा होता.

काळा_डगला

धागा आवडला, पण मत पटलं नाही. वकिली करतो म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो.

इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसने स्वतःच व्यभिचारविरोधी कायदा आणला. तोवर ही घरातली बाब होती. घरच्यांनी बसून निकाल लावायचा. या कायद्याने तो सार्वजनिक गुन्हा झाला. नवऱ्याने बायकोला घटस्फोट देऊन साठ दिवसांच्या आत खटला भरायचा. पहिला हक्क नवऱ्याचा आणि बापाचा. त्यांनी काही केलं नाही तर कोणीही तिऱ्हाईत उठून आरोप करू शकत होता. आणि माहीत असून बायकोला घरात ठेवणारा नवरा स्वतःच गुन्हेगार ठरत होता, बायकोचा धंदा करणाऱ्याच्या बरोबरीने.

आता इ.स.पू. २ ची परिस्थिती बघा. टायबेरियस चार वर्षांपासून ऱ्होड्स बेटावर जाऊन बसलेला. बायकोशी संबंध केव्हाच तुटलेले. गावभर चर्चा. म्हणजे नवरा हलत नाही, आणि बाप हलला नाही तर उद्या कोणीतरी शत्रू उठून सम्राटाच्या मुलीवर खटला भरणार. बापाला स्वतःच्या कायद्याने कोपऱ्यात गाठलं होतं. कटाची गरजच काय? ऑगस्टसने टायबेरियसच्या नावाने घटस्फोटाचा कागदही परस्पर पाठवला. उलट टायबेरियसने ऱ्होड्सवरून पत्रं लिहून बापलेकीत समेट करायचा प्रयत्न केला, आणि तिला आपण दिलेल्या वस्तू तिच्याकडेच राहू द्या असं सांगितलं.

रानजाई

वाचतेय. टायबेरियसबद्दल हे माहीत नव्हतं. मला तो कायम कोरडा माणूस वाटायचा.

माईआजी

टायबेरियसचंही वाईटच झालं हो. त्याचं पहिलं लग्न विप्सानियाशी, आणि जीव होता त्याचा तिच्यावर. विप्सानिया ही अग्रिप्पाची पहिल्या घरची मुलगी. सासरा गेला आणि सम्राटाने हुकूम केला, गरोदर बायकोला सोड आणि सासऱ्याच्या विधवेशी लग्न कर. नंतर एकदा विप्सानिया त्याला वाटेत दिसली, तर डोळ्यांत पाणी आणून तो तिच्याकडे बघत राहिला. मग ती परत त्याच्या नजरेला पडू नये अशी तजवीज करण्यात आली. ज्युलियाशीही सुरुवातीला बरं चाललं होतं, पण त्यांचं एकुलतं बाळ अ‍ॅक्विलेयाला तान्हेपणीच गेलं आणि सगळं विस्कटलं.

मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आपल्या पुस्तकांत ऑगस्टस म्हणजे शांतता, रस्ते, संगमरवरी रोम. त्या शांततेची किंमत घरातल्या माणसांनी कशी मोजली, हे एका ओळीतही नसायचं. मुलांना मी ते तोंडी सांगत असे.

हजरजबाबी

सगळेच तिला बिचारी करून टाकताय. बाई फार मजेशीर होती हो! मॅक्रोबियस नावाच्या रोमन लेखकाने तिचे किस्से जपून ठेवलेत.

एकदा ती बापाला न आवडणाऱ्या भपक्यात आली. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी साधीसुधी नेसून आली, तर त्याने कौतुक केलं की ऑगस्टसच्या मुलीला हे शोभतं. ती म्हणाली, आज बाबांच्या डोळ्यांसाठी नटले, काल नवऱ्याच्या.

कोणीतरी सांगितलं, बापासारखं साधं राहावं. उत्तर: तो सीझर आहे हे तो विसरतो, मी सीझरची मुलगी आहे हे मी विसरत नाही.

एका खेळाच्या वेळी लिव्हियाभोवती भारदस्त मंडळी आणि हिच्याभोवती तरुण पोरं. बापाने चिठ्ठी पाठवली, बघ जरा फरक. हिने उलट चिठ्ठी पाठवली, माझ्याबरोबर हेही म्हातारे होतील.

आणि पाचही मुलं अग्रिप्पासारखी कशी दिसतात, असं विचारल्यावर दिलेलं उत्तर: जहाज भरल्याशिवाय मी उतारू घेत नाही. हे शेवटचं आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायची हिंमत झाली नाही.

रानजाई

हजरजबाबी, शेवटचा किस्सा समजायला मला दोन मिनिटं लागली आणि मग चहा सांडला.

काळा_डगला

हे किस्से मस्त आहेत, पण मॅक्रोबियस तिच्यानंतर चारशे वर्षांनी लिहितोय. साक्षीदार म्हणून मी त्याला उभा करणार नाही.

माईआजी

काळा डगला, त्याच्याआधीच्या संग्रहांतून त्याने ते उचललेत, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि त्याच मॅक्रोबियसने हेही लिहिलंय की ती वाचनाची आवड असलेली, मायाळू, जराही क्रूर नसलेली बाई होती आणि लोकांना फार आवडायची. बदनाम झालेल्या बाईबद्दल हे टिकून राहिलं, याला महत्त्व आहे.

लोकांना आवडायची याचा दुसरा पुरावाही आहे. तिला परत आणा म्हणून रोमच्या लोकांनी सम्राटाकडे वारंवार मागणी केली. तो म्हणाला, आग आणि पाणी एकत्र येतील पण ती येणार नाही. तर लोकांनी जळत्या मशाली आणून टायबर नदीत टाकल्या!

सह्यकडा

कमाल लोक! मशालीवाला किस्सा लक्षात राहणार.

वाऱ्यावरची_वरात_नको

मी सध्या कामानिमित्त इटलीत असते. ते बेट आज व्हेंटोटेने म्हणून ओळखलं जातं. फॉर्मियाहून बोटीने जाता येतं. मी उन्हाळ्यात गेले होते.

बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. उत्तरेच्या टोकाला व्हिला जूलियाचे अवशेष आहेत, म्हणजे भिंतींचे पायथे, स्नानगृहाचे भाग, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. जागा अतिशय देखणी आहे. बेटावर गोड्या पाण्याचे झरे नाहीत, म्हणून रोमनांनी पावसाचं पाणी साठवायला खडकात मोठाल्या टाक्या खोदल्या. मऊ दगड कोरून केलेलं त्यांचं बंदर अजून वापरात आहे, आमची छोटी बोट तिथेच लागली. खडकात खोदलेले माशांचे हौदही दिसतात.

मी त्या टोकावर उभी राहून विचार करत होते की घर म्हणून हे वाईट नाही, राजवाडाच होता. पण तिला दारू बंद होती, कोणतीही चैन बंद होती, आणि बापाच्या परवानगीशिवाय एकही पुरुष, मग तो गुलाम का असेना, तिच्याजवळ जाऊ शकत नव्हता. परवानगी द्यायच्या आधी त्या माणसाचं वय, उंची, रंग, अंगावरच्या खुणा आणि व्रण यांची माहिती सम्राटाला जायची.

शिक्षेचं बेट ही त्याची ओळख पुढेही टिकली. मुसोलिनीने राजकीय विरोधकांना इथेच डांबलं, आणि १९४१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी संयुक्त युरोपची कल्पना मांडणारा जाहीरनामा इथेच लिहिला.

केतकीबन

किती छान लिहिलंत! आणि अंगावरच्या व्रणांची नोंद, याचा विचार करा. बाईने पुन्हा प्रेमात पडू नये म्हणून इतकी चौकशी? ही पहाऱ्याची भाषा आहे. कैद्याची सुटका कोणी करू नये म्हणून माणूस ओळखून ठेवतात.

काळा_डगला

किंवा ओळख लपवून प्रियकर येऊ नये म्हणून. दोन्ही अर्थ निघतात.

शिंपल्यातली

मला इतिहास फार कळत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वडिलांची एक मोठी बहीण होती. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध काहीतरी केलं, काय ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तिचं नाव घरात घेत नसत. जुन्या एकत्र फोटोतून तिची कड कापलेली होती. आजोबा गावात फार मानाचे, लोकांचे तंटे सोडवणारे. तेच मुलीच्या बाबतीत दगड झाले. त्यांना बाहेर जितका मान, तितकी घरात माघार अशक्य. ऑगस्टसचं वाचताना तेच आठवलं. कट होता की नव्हता हे विद्वान ठरवतील, पण बापाने माफ का केलं नाही हे मला समजल्यासारखं वाटतं.

रानजाई

शिंपल्यातली, लिहिलंत ते बरं केलंत. त्या आत्यांचं नाव कळलं का कधी?

शिंपल्यातली

हो. माझ्या मुलीचं तेच ठेवलं आहे.

माईआजी

शिंपल्यातली, तुझा मुद्दा रास्त आहे गं. इ.स.पू. २ हे सालच बघा. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला सेनेटने ऑगस्टसला 'राष्ट्रपिता' ही पदवी दिली. सूडदेवता मार्सच्या मोठ्या मंदिराचं लोकार्पण त्याच वर्षी. सगळ्या साम्राज्याचा बाप म्हणून गौरव झाला आणि काही महिन्यांतच मुलीचं प्रकरण बाहेर आलं. तो इतका चिडला होता की ज्युलियाची मुक्त केलेली दासी फीबी हिने गळफास घेतला तेव्हा म्हणाला, मी फीबीचा बाप असतो तर बरं झालं असतं.

मुलगी, तिची मुलगी आणि धाकटा नातू अशा तिघांना तो आपली गळवं म्हणायचा. हो, नातही! धाकट्या ज्युलियालाही इ.स. ८ मध्ये त्याच आरोपाखाली दुसऱ्या बेटावर पाठवलं. तिला तिथे झालेलं बाळ वाढवू दिलं नाही.

नाणेवेडा

उशिरा आलो. मी जुन्या नाण्यांचा अभ्यास करतो, माझ्या बाजूने थोडी भर.

इ.स.पू. १३ मध्ये रोमच्या टांकसाळीत एक चांदीचं दिनार निघालं. एका बाजूला ऑगस्टस. दुसऱ्या बाजूला तीन छोटी डोकी, मधे ज्युलिया, दोन्हीकडे गायस आणि ल्युशियस, आणि तिच्या डोक्यावर पुष्पचक्र. बापाने तिला नाण्यावर आणलं ते अशा रूपात, वारसांची आई म्हणून, दोन मुलांच्या मधे. हे नाणं आज दुर्मीळ आहे.

आता आपल्याकडे या. ऑगस्टसच्या काळात इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत, असं त्या काळचा भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. मिरी, कापड, रत्नं यांच्या मोबदल्यात रोमन चांदी आपल्या किनाऱ्यावर ओतली जात होती. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोन प्रकार प्रचंड संख्येने मिळतात, विशेषतः तमिळनाडू आणि आंध्रच्या ठेव्यांमध्ये. पहिल्या प्रकारावर ढाली-भाले घेऊन उभे असलेले दोन तरुण आहेत, गायस आणि ल्युशियस. दुसरा प्रकार टायबेरियसचा, मागे बसलेली स्त्री, जिला बरेच जण लिव्हिया मानतात. म्हणजे बाप, दोन मुलगे, नवरा, बहुधा सावत्र आईसुद्धा, सगळे दक्षिण भारताच्या मातीत सापडले. ज्युलिया नाही. त्या दोन तरुणांच्या नाण्याची छपाई सुरू झाली ती इ.स.पू. २ च्या सुमारास, म्हणजे आई बेटावर जात होती तेव्हा.

संग्रहालयात त्या ढालीवाल्या नाण्यांचा ढीग बघताना मला दर वेळी तिची आठवण येते.

सह्यकडा

नाणेवेडा, एक नंबर प्रतिसाद. हा संबंध कधी जोडला नव्हता. वेगळा धागा काढाच.

हजरजबाबी

अवांतर: सम्राट असूनही मुलीचं लग्न जमवताना ऑगस्टसला अख्ख्या साम्राज्यात घरातलीच तीन मुलं सापडली. आमच्या आत्याबाई वधूवर सूचक मंडळ चालवतात, त्या म्हणाल्या, स्थळं आणायला आम्हाला सांगायचं होतं.

वाऱ्यावरची_वरात_नको

हा हा! पण एक सांगते. अग्रिप्पाबरोबरची वर्षं तिची बरी गेली असावीत. ती त्याच्याबरोबर पूर्वेकडे गेली होती. ग्रीक शहरांत तिला देवीसारखा मान देणारे शिलालेख सापडले आहेत. एकदा ट्रॉयजवळ रात्री नदी ओलांडताना पुरात वाहून जाता जाता वाचली. गावकऱ्यांना ती येणार हे माहीतच नव्हतं, तरी मदत केली नाही म्हणून अग्रिप्पाने त्यांना एक लाख द्राख्मा दंड ठोकला. शेवटी ज्यूंचा राजा हेरोद मधे पडला आणि दंड माफ झाला.

केतकीबन

बरीच चर्चा झाली, मूळ प्रश्नाकडे येते.

काळा डगला म्हणतात कायदा पुरेसा होता. पण कायद्यात शिक्षा काय होती? बाईचा अर्धा हुंडा आणि तिसरा हिस्सा मालमत्ता जप्त आणि बेटावर रवानगी. पुरुषालाही मालमत्ता जप्ती आणि वेगळं बेट. रोमन इतिहासकार टॅसिटस स्पष्ट म्हणतो की ऑगस्टस या प्रकरणात स्वतःच्या कायद्याच्याही पुढे गेला, कारण त्याने या दोषाला धर्मभंग आणि राजद्रोहाचं नाव दिलं. थोरला प्लिनी तर ऑगस्टसच्या दुःखांची जंत्री देताना मुलीच्या व्यभिचाराबरोबर पित्याच्या हत्येचा बेत उघड झाल्याचंही लिहितो. आणि ज्युलियाने टायबेरियसची निंदा करणारं पत्र बापाला लिहिलं होतं, ते ग्राकसने रचून दिलं असं मानलं जात होतं. हे प्रेमपत्रांचं राजकारण नाही, हे नुसतं राजकारण आहे.

पुढेही बघा. ऑगस्टसच्या उतारवयात दोन माणसांनी ज्युलियाला आणि तिच्या धाकट्या मुलाला, अग्रिप्पा पोस्टुमसला, कैदेतून पळवून सैन्याकडे न्यायचा बेत केला होता. सुएटोनियसने त्यांची नावंही दिली आहेत. नुसती बदफैली बाई म्हणून लोकांच्या लेखी संपली असती, तर सैन्यासमोर तिला नेऊन काय मिळणार होतं?

काळा_डगला

केतकीताई, टॅसिटसचा मुद्दा वजनदार आहे. मी एवढंच म्हणेन की प्रियकर आणि कटवाले हे वेगळे गट मानायची गरज नाही. मार्क अँटनीचा मुलगा सम्राटाच्या मुलीच्या शयनगृहात, ही एकच गोष्ट त्या काळात दोन्ही गुन्हे होती. आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो ते तुमच्या बाजूने जात नाही. राग ओसरल्यावर ऑगस्टसला पश्चात्ताप झाला की जे झाकायचं ते आपणच चव्हाट्यावर मांडलं. तो म्हणायचा, अग्रिप्पा किंवा मेसिनास (त्याचा जुना सल्लागार) जिवंत असते तर माझ्यावर ही वेळ आली नसती. खरोखर जिवावर उठलेला कट असता, तर उघड केल्याचा पश्चात्ताप झाला नसता.

केतकीबन

पश्चात्ताप झाला, तर परत का आणलं नाही? पाच वर्षांनी मुख्य भूमीवर, इटलीच्या टोकाला रेजियमला हलवलं, थोडी सैल कैद दिली, बस्स. इ.स. २ मध्ये ल्युशियस गेला, ४ मध्ये गायस. दोन्ही मुलगे गेल्यावरही तिला रोम दिसलं नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की तिला आमच्या थडग्यात जागा देऊ नका.

इ.स. १४ मध्ये तो गेला आणि टायबेरियस सम्राट झाला. त्याने तिला एका घरात कोंडलं, बापाने ठेवलेली रक्कम आणि वार्षिक तनखा बंद केला. कारण काय, तर मृत्युपत्रात तशी तरतूद नाही! त्याच वर्षी ती खंगून मेली. पोस्टुमसला मारलं, सेर्सिनावर सैनिक पाठवून ग्राकसला मारलं, तेही त्याच वर्षी. नवीन सम्राट आल्याबरोबर पंधरा वर्षं जुन्या प्रकरणातली माणसं एकेक करून संपवली जातात, यावरून ते प्रकरण कशाचं होतं हे मला दिसतं.

काळा_डगला

इथे माझ्याकडे उत्तर नाही. हा मुद्दा तुमचा.

रानजाई

ऑगस्टसचं रक्त पुढे गेलं ते फक्त हिच्यातूनच ना?

माईआजी

हो. कॅलिग्युला हा तिचा नातू, नीरो पणतू. तिची मुलगी अग्रिप्पिना हिलाही टायबेरियसने त्याच पांडाटेरियावर पाठवलं, ती इ.स. ३३ मध्ये कैदेतच गेली. आणि इ.स. ६२ मध्ये क्लॉडियस सम्राटाची मुलगी ऑक्टेव्हिया, नीरोची टाकलेली बायको, तिलाही तिथेच नेऊन मारलं. सम्राटांच्या घरातल्या बायकांचं बेटच झालं ते.

शिंपल्यातली

एक राहून गेलं. तिच्या आईचं काय झालं? बाळंतिणीच्या खोलीतच घटस्फोट मिळालेली ती.

माईआजी

बरं विचारलंस. स्क्रिबोनिया लेकीबरोबर बेटावर गेली, स्वतःच्या इच्छेने. तिच्यावर कोणताही आरोप नव्हता. वेलेयस आणि डिओ दोघेही हे नोंदवतात. ज्या मुलीला जन्मतःच तिच्यापासून तोडलं होतं, तिच्याबरोबर ती म्हातारपणी पांडाटेरियाला राहिली आणि मग रेजियमलाही. ती लेकीच्या मागे जगली. इ.स. १६ मध्ये तिच्या माहेरच्या एका तरुणावर, लिबो ड्रुससवर, राजद्रोहाचा आरोप आला. तो जीव द्यावा की नाही या विचारात होता. तेव्हा त्याला थांबवणारी म्हणून सेनेका स्क्रिबोनियाचं नाव घेतो. ती त्याला म्हणाली, दुसऱ्याचं काम तू कशाला करतोस?